चार उन्हाळ्यांची वाडी

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भाताची झोडणी उरकली, की माणसं ‘जगायला’ जातात. शब्द त्यांचाच. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्या, रेतीची बंदरं, शहरातली बांधकामं. दिवाळीनंतर दाराला लागलेली कडी शिमग्याला दोन दिवस उघडते, मग थेट पावसाच्या तोंडावर. इथं वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. माणदेशातल्या कुणालाही हेवा वाटेल. पण तो चार महिन्यांत उतारावरून वाहून जातो, आणि एप्रिलमध्ये बायका झऱ्याशी वाटीवाटीनं हंडा भरत बसतात. भात, नागली, वरई यांवर घर काही महिने निघतं. पुढचं मुकादमाच्या उचलीवर.

त्यावर ‘बायफ’ या संस्थेनं काढलेला उपाय ऐकायला अगदी साधा आहे. एकरभर वरकस जमीन, तीत आंबा-काजूची चाळीस ते साठ कलमं, कडेनं जळण-चाऱ्याची चार-पाचशे झाडं आणि मधल्या पट्ट्यांत नेहमीचीच पिकं. नाव ‘वाडी’. कोकणातला वाचक म्हणेल, यात नवल ते काय? खरंच, झाडात नवल नाही. ते झाडाला फळ येईपर्यंतच्या चार-पाच वर्षांच्या हिशेबात आहे.

संस्था पुण्याजवळच्या उरुळीकांचनची. 1946 साली गांधीजी तिथं निसर्गोपचार केंद्रासाठी आले. त्यांच्याबरोबरचे सुरतेकडचे तरुण मणिभाई देसाई तिथंच राहिले ते कायमचे. 1967 मध्ये त्यांनी बायफ उभी केली. महाराष्ट्राला ती ठाऊक आहे ती संकरित गाईंमुळे. पण गाईला चारा लागतो, पाणी लागतं. जिथं यातलं काहीच नाही, त्या डोंगराळ आदिवासी भागात गाय नेऊन काय करणार? 1982 च्या सुमारास दक्षिण गुजरातेतल्या वांसदा तालुक्यात वाडीची सुरुवात झाली. त्याच वर्षी मणिभाईंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. वांसद्याहून वाडी धरमपूरला आणि पुढं जव्हारला आली.

आता एक खड्डा जवळून पाहू. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. वर वीतभर माती, खाली मुरूम, कुठं सरळ कातळ, कुदळ खणखणते. उन्हाळ्यात खणून तो तापू द्यायचा, मग शेणखत आणि चांगली माती भरून पावसाच्या सुरुवातीला कलम लावायचं. एवढं झालं की कोणत्याही वृक्षारोपणाचा फोटो निघतो. वाडीचं खरं काम दिवाळीनंतर सुरू होतं. कलमाला पाणी लागतं ते नेमकं घर जगायला जातं त्या महिन्यांत. बुंध्याशी मातीचं मडकं पुरलेलं असतं. त्याच्या तळाच्या भोकात चिंधीची वात, तिच्यातून पाणी थेंबाथेंबानं मुळाशी. पण मडकं भरायला माणूस हवं, ओढ्यापासून वाडीपर्यंत हंडे वाहायला बाई हवी. पिकं निघाल्यावर गुरं मोकाट सुटतात, म्हणून कुंपण राखायलाही कुणी हवं. म्हणजे कलम जगवायचं तर घरानं गावात राहायला हवं, आणि घरानं राहायचं तर खायला हवं.

ही गाठ सोडवण्यात या कार्यक्रमाची अक्कल दिसते. स्वतःच्याच रानात खणलेल्या खड्ड्यांची, बांधांची काही मजुरी कार्यक्रमातून मिळे. मधल्या पट्ट्यात भाजीपाला आला. जव्हारकडे मोगरा आला, आणि कळ्यांचे पुडे पहाटे शहराच्या बाजारात जाऊ लागले. शेजारच्या घरांचे गट पाण्याची कामं मिळून करू लागले. पुढं जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेची मदत आली, आणि 2003-04 मध्ये नाबार्डनं 50 कोटींचा आदिवासी विकास निधी उभारून हाच नमुना इतर राज्यांत नेला. सरकारी योजना झाल्यावर नमुन्याचं जे होतं ते इथंही काही ठिकाणी झालं: कलमं मोजली गेली, उन्हाळे मोजायचे राहिले.

आणखी एक गोष्ट खटकते. वाडी त्याचीच, ज्याच्या नावावर एकरभर तरी जमीन आहे. कातकऱ्याच्या नावावर बहुधा घराखालचीही नसते. त्याच्यासाठी रोपवाटिका वगैरे कामं काढली गेली. पण रोपवाटिका हंगामापुरती असते आणि झाड पन्नास वर्षांचं, ही तफावत काही बुजत नाही. वाडीवाल्याचीही काळजी मिटत नाही. सगळ्यांचा केसर आंबा एकदमच पिकतो, वर पाऊस डोक्यावर, मग व्यापारी सांगेल तो भाव. वांसद्याकडे आदिवासींच्या सहकारी संस्थांनी कैरीचं लोणचं आणि काजूगर करायला घेतले ते यामुळेच.

कलमाला मोहोर मात्र लवकर येतो, कधी दुसऱ्याच वर्षी. तो खुडून टाकायचा असतो. नाहीतर झाड वाढत नाही. दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी वाहिलेल्या बाईला हे सांगायचं काम कार्यकर्त्याला करावं लागतं, आणि ती ऐकून घेते, तरी एखादा तुरा पानाआड ठेवतेच.