हर्बीच्या पाठीवरचे ओझे

सूरह यूसुफ आपल्या घरांतून नेहमी वाचली जाते. भावांचे वैर, विहीर, तुरुंग आणि बापलेकाची अखेरची भेट मुलांनाही ठाऊक असते. याच कथेत धान्याच्या नियोजनाचा धडाही आहे. सुकाळाच्या सात वर्षांत खाण्यापुरते धान्य काढून घ्यायचे आणि बाकीचे कणसातच राखून ठेवायचे, कारण पुढे दुष्काळाची सात वर्षे आहेत. कथेतून आलेली शिकवण मनात घर करते, ती अशी.

धंद्याचे शिक्षणही गोष्टीतून देता येते. याचे गाजलेले उदाहरण म्हणजे 1984 साली अमेरिकेत निघालेली ‘द गोल’ ही कादंबरी. एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञाने ती जेफ कॉक्स या लेखकाच्या साथीने लिहिली. गोल्डरॅट कारखान्यांना उत्पादनाचे वेळापत्रक आखून देणारी संगणक प्रणाली पुरवत. पण प्रणाली आली तरी माणसांची विचार करण्याची जुनी सवय जात नव्हती. तेव्हा त्यांनी पाठ्यपुस्तक न लिहिता गोष्ट लिहिली.

गोष्टीचा नायक अ‍ॅलेक्स रोगो हा एका कारखान्याचा व्यवस्थापक. माल वेळेवर जात नाही, कारखाना तोट्यात आहे. वरिष्ठ तीन महिन्यांची मुदत देतात. सुधारणा झाली नाही तर कारखाना बंद. रात्रंदिवस कामात बुडाल्यामुळे घरही विस्कटते आणि पत्नी ज्युली घर सोडून जाते. अशा वेळी त्याला जोना नावाचे त्याचे जुने प्राध्यापक भेटतात. ते तयार उत्तर देत नाहीत, फक्त प्रश्न विचारतात. अ‍ॅलेक्सबरोबर वाचकही उत्तर शोधू लागतो, आणि स्वतः शोधलेले उत्तर माणूस अमलातही आणतो.

एकदा अ‍ॅलेक्स मुलाच्या स्काउट पथकाला पायी सहलीला नेतो. रांग सारखी लांबत जाते. हर्बी नावाचा मुलगा हळू चालतो. पुढचे निघून जातात, मागचे अडकतात. अ‍ॅलेक्सच्या लक्षात येते की सगळे पथक मुक्कामी कधी पोहोचणार, हे सर्वांत हळू चालणाऱ्यावर ठरते. तो हर्बीला रांगेत सर्वांत पुढे आणतो. मग त्याची पिशवी उघडतो, तर ती खाण्यापिण्याच्या सामानाने आणि लोखंडी तव्याने खच्चून भरलेली! ते ओझे सगळ्यांत वाटून दिल्यावर अख्खे पथक झपझप चालू लागते.

कारखान्यात परतल्यावर तो तिथला ‘हर्बी’ शोधतो. एक यंत्र आणि एक भट्टी यांच्यापुढे मालाचे ढीग साचलेले असतात. मग जेवणाच्या सुट्टीतही ते यंत्र चालू ठेवणे आणि सदोष भाग त्याच्याकडे जाण्याआधीच बाजूला काढणे, असे उपाय सुरू होतात.

आपल्याकडे घरोघरी शिलाईचे छोटे कारखाने आहेत. समजा, चार कारागीर दिवसाला 40 शर्ट शिवतात, पण काज करणारे यंत्र एकच आहे आणि त्यावर 25 शर्टच होतात. म्हणजे तयार माल 25 चाच. सहा दिवसांत 90 अर्धवट शर्टांचा ढीग साचतो आणि त्यात कापडाचे पैसे अडकतात. अशा वेळी शिलाईचे पाचवे यंत्र घेतले तर ढीगच वाढेल. त्यापेक्षा काजाचे यंत्र क्षणभरही रिकामे राहू नये, खराब शर्ट त्याच्याकडे जाऊ नयेत, आणि गरजेपुरते काज बाहेरून करून आणावेत.

या गोष्टीची मला सर्वांत भावलेली बाजू म्हणजे हर्बीला कोणी शिक्षा करत नाही. आधी त्याची पिशवी उघडून पाहिली जाते. प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण इथे आठवते. जमातीत अशक्त, आजारी आणि वयस्कर माणसेही असतात, म्हणून इमामाने नमाज हलकी ठेवावी, असे त्यांनी सांगितले आहे.

रमजानमध्ये इफ्तारला पाच मिनिटे उरली की घरातले सगळे दस्तरखानभोवती बसतात आणि स्वयंपाकघरात एकटी अम्मी राबत असते. बाहेरून हाक येते, “झालं का?” त्या वेळी रांग कुठे अडली आहे, हे सांगायला प्राध्यापक नको. एकाने फळे कापावीत, एकाने शरबत करावे, एकाने ताटे मांडावीत. अजानच्या वेळी अम्मीही सगळ्यांबरोबर बसून खजूर हातात घेईल.