पातळ तळाचे बूट आणि लांबचा पल्ला

मेक्सिकोच्या चिवावा प्रांतातील खोल व दुर्गम दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी लोक, ज्यांना बाहेरचे जग ताराउमारा या नावाने ओळखते, पायात जी वहाण घालतात ती जुन्या मोटारीच्या टायरचा पावलाच्या मापाने कापलेला तुकडा आणि तो घोट्याशी बांधून ठेवणारी वादी, एवढ्याच ऐवजावर सिद्ध होते. आणि तरीही लाकडी चेंडू पायाने उडवीत डोंगरवाटांनी तासन्‌तास, प्रसंगी रात्र उलटून जाईपर्यंत, चालणाऱ्या त्यांच्या शर्यती याच वहाणांनी पार पडतात. 1993 साली अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातील लेडव्हिल येथे, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून अधिक उंचीवर होणाऱ्या 100 मैलांच्या शर्यतीत व्हिक्टोरियानो चुरो हा 55 वर्षांचा रारामुरी धावक पहिला आला, तेव्हा अनेकांचे लक्ष या वहाणांकडे वळले. आणि 2009 साली ख्रिस्तोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकाने त्या कुतूहलाचा एक पंथच बनविला. पंथ म्हटला की अतिशयोक्ती ओघाने आलीच.

धावण्याच्या नेहमीच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण 10 ते 12 मिलिमीटर उंच असते. धावपटू या फरकाला ‘ड्रॉप’ म्हणतात. पातळ बुटात तो शून्य किंवा शून्याच्या आसपास असतो, तळ सहज वाकतो आणि बोटांना पसरण्यास मोकळी जागा मिळते. या बुटांच्या पुरस्कर्त्यांना शास्त्राचा आधार मिळाला तो हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनिएल लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी 2010 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा: अनवाणी धावण्यात मुरलेले लोक बहुधा चवड्यावर उतरतात, आणि टाच आदळताच पायातून वर चढणारा जो तीव्र क्षणिक धक्का असतो तो त्यांच्या बाबतीत जवळजवळ उत्पन्नच होत नाही. परंतु निसर्गाचा हुकूम म्हणून हे सूत्र शिरोधार्य मानावे, तोच 2013 साली दुसरा पुरावा पुढे आला. उत्तर केनियातील दासानाच हे लोक अनवाणी वाढलेले असूनही आपल्या सोयीच्या, बेताच्या गतीने धावताना बहुसंख्येने टाचेवरच उतरताना आढळले.

माझ्या मते या सर्व वादात मूळ मुद्दा दृष्टिआड होतो. धावताना शरीरावर येणारा बोजा पातळ बुटाने माफ होत नाही, तो केवळ दुसऱ्याच्या खात्यावर चढतो: टाचेवर उतरणाऱ्याचा गुडघा जो भार सोशीत होता, तो चवड्यावर उतरणाऱ्याच्या पोटऱ्यांकडे, टाचेमागच्या जाड कंडरेकडे आणि चवड्याच्या बारीक हाडांकडे जातो. स्नायू काही आठवड्यांत सरावतात. कंडरा आणि हाडे यांची मुदत त्याहून पुष्कळ लांब असते, आणि उत्साही माणूस नेमका इथेच फसतो. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात 36 धावपटूंवर झालेल्या, 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांच्या अवधीत पाच बोटांच्या बुटांकडे वळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या पावलांच्या हाडांत सूज वाढल्याची चिन्हे दिसली. हे बूट विकणाऱ्या व्हिब्राम कंपनीवर तर जाहिरातीतील आरोग्यविषयक विधानांना शास्त्रीय आधार नाही असा दावा गुदरला गेला, आणि 2014 साली तिने दोष कबूल न करता 37 लाख 50 हजार डॉलरांवर तडजोड केली.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की रोम येथील 1960 च्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकणाऱ्या इथिओपियाच्या अबेबे बिकिला यांचे उदाहरण हटकून दिले जाते. पण त्याच बिकिला यांनी चार वर्षांनी टोकियोत, आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेला जेमतेम काही आठवडे लोटले असता, बूट घालून 2 तास 12 मिनिटे 11.2 सेकंदांत, म्हणजे रोमपेक्षा तीन मिनिटांहून अधिक कमी वेळात, तीच शर्यत पुन्हा जिंकली, हे सांगण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. आपल्याकडेही पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत शेतकऱ्यांची मुले अनवाणी धावताना पाहून दोराबजी टाटा विस्मित झाले होते, आणि त्यांच्याच पुढाकाराने 1920 साली अँटवर्पला गेलेल्या पथकातील बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये 19 वे आले. अशा पायांमागे बालपणापासूनची अनवाणी रपेट असते. कार्यालयात दिवसभर मऊ बुटांत कोंडलेल्या पावलाने त्या पुण्याईवर हक्क सांगू नये.

लांब पल्ल्यात तर एक अडचण अधिक. तिसाव्या किलोमीटरनंतर पोटऱ्या थकल्या की चवड्यावर उतरण्याची शिस्त मोडते, टाच आपोआप जमिनीवर आदळू लागते, आणि त्या वेळी पायाखाली केवळ काही मिलिमीटर रबर असेल तर धक्का थेट हाडांना पोचतो. म्हणून ज्याला हे बूट वापरायचेच असतील त्याने ते आधी घरात व फिरायला जाताना घालावेत, मग नेहमीच्या धावण्यातला एखादाच किलोमीटर त्यांत करावा, आणि पूर्ण मॅरेथॉनची घाई महिनोन्‌महिने लांबणीवर टाकावी. पहिल्या काही दिवसांत पोटऱ्या भरून येणे स्वाभाविक आहे. परंतु पावलाच्या वरच्या बाजूस एकाच बिंदूवर बोट दाबताच कळ उठत असेल, तर तो हाडाला तडा जाण्याचा आरंभ असू शकतो, आणि तेव्हा धावणे तत्काळ थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना पाय दाखवावा.