जनित्रावर चालणारा एसी : प्रश्न पहिल्या क्षणाचा

३० मे २०२४ रोजी देशातील विजेची कमाल मागणी सुमारे २५० गिगावॉटवर पोहोचली. तोपर्यंतचा तो उच्चांक होता आणि उष्णतेच्या लाटेत चालणाऱ्या वातानुकूलन यंत्रांचा त्यात मोठा वाटा होता. अशा दिवसांत रोहित्र बंद पडले की गुरुग्राम, नोएडासारख्या शहरांत घरोघरी जनित्रांचा आधार घेतला जातो. त्यावर दिवे-पंखे चालतात. एसी मात्र लहान जनित्रावर अनेकदा सुरूच होत नाही.

एसीचा ‘टन’ हे वजनाचे नव्हे, तर उष्णता बाहेर टाकण्याच्या दराचे माप आहे. एक टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट. दीड टनाचा एसी सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता बाहेर टाकतो, पण त्यासाठी वीज साधारण १.६ किलोवॉटच घेतो. कारण तो उष्णता निर्माण करीत नाही, केवळ वाहून नेतो. मग तीन केव्हीएचे जनित्र अपुरे का पडावे?

अडचण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी येते. स्थिर अवस्थेतील मोटर फिरू लागताना नेहमीच्या पाच-सहा पट विद्युतप्रवाह ओढते. सात-आठ अँपिअरचा प्रवाह क्षणभर चाळीसच्या घरात जातो. जनित्राचा विद्युतदाब कोसळतो, मोटर जागीच गुरगुरते व तापते. हा एक क्षण निभावण्यासाठी मोठे जनित्र घेतले जाते आणि उरलेला सर्व वेळ ते अल्प भारावर चालते. अल्प भारावर डिझेलचे ज्वलन अपुरे होते, काजळी साचते व प्रत्येक युनिटमागे अधिक इंधन लागते. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो.

इन्व्हर्टर एसीने हे गणित बदलले आहे. (घरातील बॅटरीवरच्या इन्व्हर्टरशी या नावाची नेहमी गल्लत होते.) त्यातील कॉम्प्रेसर हळूहळू वेग घेतो, त्यामुळे प्रारंभीचा झटका जवळजवळ नाहीसा होतो आणि लहान जनित्रही पुरू शकते.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र उरतोच. बंदिस्त जागेत जनित्र चालविल्यास गंधहीन कार्बन मोनॉक्साइड साचून जीव जातो. चेंजओव्हर स्विच नसेल तर जनित्राची वीज उलट वाहिनीत शिरते. वाहिनी मृत समजून खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याला तिचा धक्का बसतो.

वीज (ग्राहकांचे हक्क) नियमांत २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, डिझेल जनित्र वापरणाऱ्या ग्राहकांनी पाच वर्षांत किंवा राज्य आयोगाने ठरविलेल्या मुदतीत बॅटरी साठवणुकीसह नवीकरणीय ऊर्जेसारख्या स्वच्छ पर्यायाकडे वळण्याचा प्रयत्न करावयाचा आहे. मात्र घरोघरी आढळणाऱ्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री जेमतेम १.८ युनिट वीज मावते. दीड टनाचा जुना एसी त्यावर तासभर चालणेही कठीण आहे.