पक्ष्यापेक्षा रुंद फुलपाखरू
शेलू-नेरळ भागात दिसणारं नीलवंत, म्हणजेच राणी पाकोळी, हे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. पंखांचा विस्तार 12 ते 15 सेंटिमीटर. त्याच परिसरातला टिकेलचा फुलटोच्या हा पक्षी मात्र चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 8 सेंटिमीटर! फुलांतला मकरंद दोघंही पितात, पण फुलटोच्याचा खरा जीव बांडगुळाच्या फळांवर. विष्ठेतल्या चिकट बिया तो फांदीला पुसतो आणि आंब्यावर नवं बांडगूळ रुजतं. बागायतदाराला हे कसं रुचावं? नीलवंताची मादी लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवर अंडी घालते. कोवळी अळी चक्क पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते: मळकट, पांढरट डागांची, ओलसर चकाकणारी. त्यामुळे पक्षी सहसा फसतात. मोठी अळी हिरवी होते. डिवचली तर डोक्यामागून उग्र वासाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढते.