परगावी गेलेली बातमीदार

अमेरिकेत टीव्हीच्या बातमीदाराला बढती हवी तर बहुधा गाव सोडावे लागते. नील्सन कंपनीने त्या देशाचे २१० प्रेक्षक-विभाग पाडले आहेत; न्यूयॉर्क सर्वांत मोठा. नवशिके लहान केंद्रावर शिकतात, करार संपला की मोठ्या शहराची वाट धरतात.

मिसिसिपीतील गरीब कृष्णवर्णीय घरात १९५४ साली जन्मलेली ओप्रा विन्फ्रे अशीच १९७६ मध्ये नॅशव्हिलहून बाल्टिमोरला गेली. १९७७ मध्ये तिला संध्याकाळच्या बातम्यांवरून हटवले. ती माघारी फिरली नाही. १९७८ मध्ये तिथेच गप्पांचा कार्यक्रम मिळाला. १९८४ मध्ये शिकागो.

पालकहो, परगावी नोकरीला गेलेली लेक पहिल्या वर्षी अडखळली, तर ‘परत ये’ म्हणण्याची घाई करू नका, एवढेच आमचे सांगणे.