बाळाचे पहिले पाऊल : घाई नको, हयगयही नको

शेजारचे मूल दहाव्या महिन्यात चालले आणि आपले वर्षाचे झाले तरी रांगतेच आहे, एवढ्यावरून घरात चिंता सुरू होते. वास्तविक बसणे, रांगणे, उभे राहणे व चालणे यांना ठरावीक तारीख नसते. वयाची एक मुदत असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी बालकांची पाहणी करून २००६ साली या मुदती प्रसिद्ध केल्या. आधाराविना बसणे ३.८ ते ९.२ महिने, उभे राहणे ६.९ ते १६.९ महिने, आणि चालणे ८.२ ते १७.६ महिने. त्यांतील शंभरात सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत!

तेव्हा मुदतीच्या आत उगाच तुलना करू नये. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मोजताना, ते जितके आठवडे आधी जन्मले तितके वजा करावेत. मात्र नऊ महिने उलटूनही बाळ बसत नसेल, अठराव्या महिन्यातही चालत नसेल, एकाच बाजूचा हात-पाय हलवीत असेल, अंग फार सैल वा ताठ असेल, अथवा येत असलेली हालचाल नाहीशी झाली असेल, तर ‘याचे वडीलही उशिरानेच चालले’ म्हणून थांबू नये. विनाविलंब बालरोगतज्ज्ञास दाखवावे.

आम्हां शिक्षकांपुढे मूल येते ते सहाव्या वर्षी. आईला आणि आजीला ते पहिल्या दिवसापासून दिसत असते. खरी पहिली परीक्षक तीच.