बांधावरचा अडुळसा आणि कांद्याचे बी



उसाला मधमाशी लागत नाही, मग तिच्यासाठी बांधावर झुडूप कशाला, असे गटात फिरताना विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. पण आपल्यातल्या पुष्कळांचा दहा-वीस गुंठे बियाण्याचा कांदाही असतो. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो, स्त्रीकेसर मागाहून तयार होतो. माश्यांनी परागाची ने-आण केली नाही, तर गोंडे दिसायला भरदार अन् चोळले की हातात फोलपट!

पावसाळी रानफुले सरली, बांधावर तणनाशक मारले, की उसाच्या पट्ट्यात सातेरी माशीला खायला उरते काय? उपाशी माशी ढोली सोडून जाते. इथे अडुळसा कामाला येतो. झुडूप आपल्याच मातीतले, वर्षानुवर्षे टिकणारे. थंडीत पांढरे फुलते आणि कांदा फुलायच्या आधीपासून माशीला आसपास धरून ठेवते. पाला कडू, शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही.

पावसाळ्याच्या तोंडी जून फांदीचे वीतभर, तीन-चार डोळ्यांचे तुकडे बांधाच्या कडेला लावावेत. पहिल्या वर्षी तेवढी खुरपणी करावी. छाटणी मात्र फुले झडल्यावरच. काही मंडळी दिवाळीलाच बांध साफ करतात, त्यात सारी कळी जाते. पाचट पेटवाल तर अडुळसाही होरपळेल. ते सरीतच कुजवा, जमिनीचेही भले होईल. कांदा फुलात असताना फवारा टाळावा, अगदीच भागत नसेल तर दिवस मावळल्यावर मारावा.